व्यवसाय: गृहिणी

पावसाळा ओसरू लागला, डेंग्यूचे रुग्ण वाढले, की इंदुरात शेळीच्या दुधाला भाव येतो. त्याने प्लेटलेट वाढतात असा समज आहे. एरवी शेळीच्या दुधाच्या नुसत्या वासाने नाक मुरडणारी घरं पेलाभर कच्च्या दुधासाठी वणवण करतात, आणि ‘तापवू नका, गुण जातो’ असं बजावणारं कुणीतरी शेजारी असतंच. डेंग्यूत प्लेटलेट खाली येतात आणि बहुतेक रुग्णांत काही दिवसांनी आपल्या आपण वर चढतात. श्रेय मात्र दूध घेऊन जातं. त्या कच्च्या दुधातून खरोखर अंगात शिरू शकतो तो ब्रुसेला मेलिटेन्सिस नावाचा जिवाणू. त्याचा ताप दोन-चार आठवड्यांनी उगवतो, कधी काही महिन्यांनी. तोवर शेळी कुणाच्या लक्षात राहते?

या रोगाचं नाव ब्रुसेलोसिस. पशुवैद्यकाच्या मराठीत सांसर्गिक गर्भपात. गाई-म्हशींत प्रामुख्याने ब्रुसेला अबॉर्टस, शेळ्या-मेंढ्यांत मेलिटेन्सिस. निपाहसारखी त्याची दहशत नाही, बर्ड फ्लूसारखी त्याची बातमी होत नाही. माणसं त्याने क्वचितच मरतात. महिनोन्‌महिने संध्याकाळचा ताप, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम आणि धरलेली कंबर घेऊन कण्हत राहतात. माणूस आणि जनावर यांच्या सामायिक रोगांवर इंदूर-महू पट्ट्यात जे काही संशोधन व्हायचं, त्याचा श्रीगणेशा या नीरस रोगापासून व्हावा असं माझं म्हणणं आहे. आणि पहिला पैसा यंत्रावर न घालता गाईचा निकाल आणि माणसाचा निकाल एका कागदावर आणण्यावर घालावा.

‘वन हेल्थ’, म्हणजे माणसाचं आणि जनावराचं आरोग्य एकत्र बघणं, हा शब्द हल्ली प्रत्येक परिसंवादात असतो. नागपूरला राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची कोनशिला ११ डिसेंबर २०२२ रोजी बसली. भोपाळला जनावरांच्या घातक रोगांसाठी अतिसुरक्षित प्रयोगशाळा आहेच. अशा संस्था हव्यात, त्याबद्दल वाद नाही. पण इंदूरला एमजीएम वैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून आहे, त्याच्या आधीचं किंग एडवर्ड मेडिकल स्कूल १८७८ चं. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासून. दोन्हींमधलं अंतर पंचवीस किलोमीटरही नाही. इमारतींचा तोटा इथे कधीच नव्हता. माणसाच्या तापाची नोंद आरोग्य खात्याच्या पोर्टलवर जाते, जनावराची पशुपालन खात्याच्या पोर्टलवर, आणि ही सोय देशभर सारखीच आहे. एकाच अंगणातले दोन आजारी जीव दोन मंत्रालयांत वेगवेगळे नोंदले जातात.

ही चूक जुनी आहे. डेव्हिड ब्रूसने माल्टा बेटावर तापाने मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या प्लीहेत हा जिवाणू पाहिला, त्यावर १८८७ साली लिहिलं, आणि आजाराला नाव पडलं माल्टा ताप. बर्नहार्ड बँगने १८९७ साली डेन्मार्कमध्ये गाभडणाऱ्या (गर्भ टाकणाऱ्या) गाईंत एक जिवाणू शोधला. तो झाला बँगचा रोग. पहिला डॉक्टरांचा, दुसरा जनावरांच्या डॉक्टरांचा. दोन्ही जिवाणू एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत हे अ‍ॅलिस इव्हान्स या अमेरिकन बाईंनी प्रयोगशाळेत शेजारी शेजारी ठेवून दाखवेपर्यंत १९१८ साल उजाडलं, आणि तेव्हाही दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी ते पटवून घ्यायला बरीच वर्षं लावली. दरम्यान माल्टात जे झालं ते जास्त शिकवणारं आहे. १९०५ साली थेमिस्टोक्लिस झॅमित यांनी दिसायला ठणठणीत असलेल्या शेळ्यांचं रक्त तपासलं आणि रोग तिथे सापडला. १९०६ मध्ये फौजेच्या जेवणातून शेळीचं दूध बंद झालं, आणि छावणीतला ताप झपाट्याने ओसरला. लस नव्हती, प्रतिजैविक नव्हतं. माणसांच्या तापाचं कोडं शेळीच्या रक्तात सुटलं.

आता मालव्यातला गोठा. गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते. वार, म्हणजे गर्भाचं वेष्टण, अडकते. ती ओढून काढायला कोण बसतं? घरातली बाई, नाहीतर गडी, हाताला साधं प्लास्टिकही न गुंडाळता. त्या वारेत आणि गर्भाभोवतीच्या पाण्यात जिवाणूंची संख्या अफाट असते, आणि माणसाला लागण व्हायला श्वासातून गेलेले दहा ते शंभर जिवाणूही पुरतात. हातावर चीर असली तर प्रश्नच नाही. मग ती वार उकिरड्यावर टाकली जाते, कुत्रं ती पुढच्या गोठ्यापर्यंत ओढून नेतं. (अल्बर्ट हॉवर्ड यांनी विसाव्या शतकाच्या विशीत इंदुरातच शेणकचऱ्याच्या खताची पद्धत बसवली आणि ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली, त्या गावाच्या आसपास उकिरड्यावर वार पडावी हे जरा लागतं.) खरं तर चुन्याचा थर देऊन पाच-सहा फूट खोल पुरायला हवी. पुढच्या खेपेला तीच गाय बहुधा व्यवस्थित विते आणि मालक म्हणतो, झाली बरी. ती बरी झालेली नसते. दुधातून आणि विण्याच्या वेळच्या स्रावातून ती जिवाणू सोडत राहते, बहुधा जन्मभर.

शहरातल्या माणसाचं यावर ठरलेलं उत्तर असतं: आम्ही दूध उकळतो. बरोबर आहे. ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद, एवढ्याने हा जिवाणू मरतो; सराफ्यातल्या कढईतल्या दुधात तर तो औषधालाही उरणार नाही. रामबागेतल्या घरात सांवेर-देपालपूरकडून येणारं रतिबाचं दूध उतू जाईपर्यंत तापतं, तेव्हा त्या घराला धोका नाही. पंचामृतातलं कच्चं दूध, धारोष्णाची हौस आणि ते डेंग्यूतलं शेळीचं दूध एवढे अपवाद सोडा. या रोगाचं ओझं दूध पिणाऱ्यावर नाही, काढणाऱ्यावर आहे: गोठा झाडणारी बाई, कृत्रिम रेतन करणारा, वार काढणारा पशुवैद्य, खाटीक. शहर स्वच्छतेत पहिलं येऊ लागलं त्या सुमारास गोठे आणि मोकाट जनावरं हद्दीबाहेर गेली, आणि हा रोग शहराच्या नजरेआडच गेला.

ती बाई तीन महिन्यांनी ताप घेऊन शहरात येते. केसपेपरावर व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं जातं: गृहिणी. रोज पहाटे दोन म्हशी आणि एक गाय पिळणारी, शेण काढणारी, वासराला पाजणारी बाई. त्या एका शब्दाने गोठा पुसला जातो. मग टायफॉइडची विडाल चाचणी होते, कारण तापाला विडाल हा आपल्याकडे रिवाज आहे. तिचा आकडा थोडाफार वाढलेला दिसतो, टायफॉइडचा कोर्स होतो. ताप उतरतो, परत येतो. कंबर धरते, एमआरआयमध्ये मणक्यात काहीतरी दिसतं, आणि आपल्या देशात मणक्यात काही दिसलं की पहिला संशय क्षयाचा. इथे एक फसवी गोष्ट घडू शकते. क्षयाच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन ब्रुसेलावरही चालतं. तेव्हा क्षयाचा उपचार सुरू केला की रुग्णाला थोडा उतार पडतो आणि चुकीचं निदान बरोबर असल्यासारखं वाटू लागतं. ब्रुसेलोसिसला लागतं डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सोबत रिफॅम्पिसिन ६०० ते ९०० मिलिग्रॅम रोज, दोन्ही सलग सहा आठवडे. किंवा रिफॅम्पिसिनऐवजी पहिले दोन-तीन आठवडे स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं. एकच औषध दिलं किंवा तीन आठवड्यांत बरं वाटलं म्हणून थांबवलं, तर आजार उलटतो.

‘आमच्याकडे ब्रुसेलोसिस दिसत नाही’ असं म्हणणाऱ्या डॉक्टरांशी माझा वाद आहे तो इथे. जी चाचणी मागवलीच जात नाही तिचा निकाल येणार कुठून? आणि मागवली तरी ती नीट व्हावी लागते. सीरमची (रक्त साकळल्यावर सुटणाऱ्या पाण्याची) समूहन चाचणी, म्हणजे त्यात जिवाणूंच्या गुठळ्या होतात का हे बघणं, १:२० पासून चढत्या विरलनांत (ते अधिकाधिक पातळ करत) करतात आणि आपल्याकडे साधारण १:१६० ला गुठळ्या दिसल्या तर त्याला अर्थ देतात. पण प्रतिपिंडं (जिवाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) फार जास्त असली की कमी विरलनांत गुठळ्या दिसतच नाहीत. पहिल्या तीन नळ्या कोऱ्या बघून तंत्रज्ञाने रॅक बाजूला ठेवला, तर सगळ्यात आजारी रुग्णच ‘निगेटिव्ह’ ठरतो. १:३२० आणि त्याच्या पुढे जावं लागतं. रक्ताचं कल्चर लावायचं, म्हणजे रक्तातला जिवाणू वाढवून बघायचा, तर प्रतिजैविक सुरू करण्याआधी, आणि मागणीच्या कागदावर ‘ब्रुसेलाची शंका’ असं ठळक लिहून. त्याची कारणं दोन. यंत्रातल्या बाटल्या साधारण पाच दिवसांनी निगेटिव्ह म्हणून काढून टाकतात, हा जिवाणू कधी त्याहून जास्त वेळ घेतो. दुसरं म्हणजे प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना होणाऱ्या संसर्गांत ब्रुसेला अग्रक्रमावर आहे. उघड्या टेबलावर प्लेट उघडून वास घेण्याची जुनी सवय इथे महागात पडते. जिवाणू ओळखायचे तयार किट त्याला मोराक्सेला हा दुसराच जिवाणू म्हणून मोकळे होतात, म्हणजे सावधगिरीची घंटाही वाजत नाही.

गोठ्याच्या बाजूची चाचणी दिसायला अगदी सोपी. तिचं नाव ‘रोज बेंगॉल’, एका गुलाबी रंगावरून. पांढऱ्या टाइलवर सीरमचा एक बारीक थेंब, ३० मायक्रोलिटर, त्याच्याशेजारी तेवढंच गुलाबी अँटिजन, म्हणजे रंगवलेले मेलेले ब्रुसेला जिवाणू. काडीने रुपयाच्या नाण्याएवढं पसरायचं, टाइल हलकेच चार मिनिटं झुलवायची आणि चांगल्या उजेडात बघायचं. गुलाबी रंग एकसंध राहिला तर नाही. रव्यासारखे दाणे फुटले तर हो. बिघडतं ते पुढच्या गोष्टींत. अँटिजन फ्रीजमधून काढून लगेच थेंब टाकला तर खरे दाणेही फुटत नाहीत, ते खोलीच्या तापमानाला यायला हवं. चारची सात मिनिटं झाली की थेंबाची कड वाळते आणि ती गुठळी म्हणून वाचली जाते. अँटिजनची बाटली कधीतरी फ्रीजरमध्ये गोठून गेलेली असते आणि कुणाला पत्ता नसतो, कारण ज्ञात पॉझिटिव्ह आणि ज्ञात निगेटिव्ह सीरम शेजारी लावायचा कंटाळा केला जातो.

त्याच्याही आधी नमुना. मानेच्या शिरेतून पाच-सात मिलिलिटर रक्त, साध्या नळीत, प्रत्येक जनावराला नवी सुई. नळी तिरकी ठेवून तास-दोन तास सावलीत साकळू द्यायची, मग सीरम वेगळं करून थंड डब्यात. मालव्यातल्या मे महिन्यात उलटं होतं: रक्त काढल्या काढल्या नळी थेट बर्फात. मग पेशी फुटतात आणि हाती येतं लालभडक पाणी, ज्यावर कुठलीच चाचणी धड वाचता येत नाही. वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात मार्करने लिहिलेला नंबर धुऊन जातो तो वेगळाच. गाभडल्यावर लगेच घेतलेलं रक्त निगेटिव्ह आलं तर ‘रोग नाही’ म्हणायची घाई करू नये. त्या दिवसांत प्रतिपिंडं खाली असू शकतात. तीन आठवड्यांनी पुन्हा घ्यायचं. ही दुसरी खेप बहुतेक सर्वेक्षणांत गळते, कारण तिच्यासाठी गाडी मंजूर नसते.

आकड्यांचीही एक गोची आहे. समजा एका भागात शंभरातल्या दोन गाई बाधित आहेत, आणि चाचणी शंभर बाधितांतल्या ९५ पकडते, शंभर निरोगींतल्या ९८ ना निरोगी म्हणते. हजार गाई तपासल्या तर वीस बाधितांतल्या १९ सापडतील, आणि ९८० निरोगींतल्या जवळपास २० वर खोटा शिक्का बसेल. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ ठरलेली गाय खरंच बाधित असण्याची शक्यता छापा-काट्याएवढी. म्हणून एका थेंबावर कुणाची गाय बाद करू नये. एलायझा या प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या चाचणीने पक्कं करावं. गाळणी म्हणून गाईंसाठी याहून स्वस्त उपाय दूध संकलन केंद्रावरच आहे. फॅट काढायला नमुना रोज घेतातच. त्यातलं एक मिलिलिटर दूध, रंगवलेल्या अँटिजनचा एक थेंब, ३७ अंशांवर एक तास: वर चढलेल्या सायीच्या थरात निळं कडं उमटलं आणि खालचं दूध पांढरं राहिलं, तर त्या कॅनमागच्या गोठ्यांचं रक्त तपासायचं. दूध तापवलेलं, गोठवलेलं किंवा धसमुसळं हलवलेलं नको. चीक किंवा कासदाहाचं दूध मिसळलं असेल तर कडं खोटं उमटतं. शेळीच्या दुधावर ही चाचणी भरवशाची नाही, आणि म्हशीच्या दुधाचा निकाल जपून वाचावा.

लसीचं काय? २०१९ मध्ये केंद्राने लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांसाठी पाच वर्षांचा १३,३४३ कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. त्यात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना एस-१९ ही लस जन्मात एकदा. चांगला कार्यक्रम आहे. पण एस-१९ जिवंत लस आहे. गाभण जनावराला दिली तर तीच गर्भपात घडवू शकते. वय उलटल्यावर दिली तर प्रतिपिंडं दीर्घकाळ रेंगाळतात आणि पुढे रोज बेंगॉल पॉझिटिव्ह येते. लसीमुळे की रोगामुळे, हे त्या थेंबाला सांगता येत नाही, लसीच्या तारखेची नोंदच सांगू शकते. वळूंना ही लस देतच नाहीत. आणि सुई लस टोचणाऱ्याच्याच बोटात गेली तर त्याने घरी जाऊन हळद लावायची नसते, त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिनचं विचारायचं असतं. तिथेही डॉक्टरला ही लस माणसाला बाधते हे ठाऊक हवं. माणसाच्या आणि जनावराच्या डॉक्टरांमधली पुन्हा तीच भिंत.

सगळ्यात अवघड प्रश्न पुढे आहे, आणि तो परिसंवादांत कुणी काढत नाही. अनेक देशांनी हा रोग ‘तपासा आणि कापा’ या मार्गाने संपवला, मालकाला भरपाई देऊन. मध्य प्रदेशात गोवंशहत्येला कायद्याने बंदी आहे, तो मार्ग इथे नाही. मग पॉझिटिव्ह गाईचं होतं काय? मालकाला कळलं की ती पुढच्या हाटात विकली जाते, किंवा रात्री कुठल्यातरी गोशाळेच्या दाराशी सोडली जाते. दोन्ही वाटांनी रोग नव्या कळपात पोचतो. याचा अर्थ असा की निकाल कळवायची नीट व्यवस्था न लावता केलेलं सर्वेक्षण रोग पसरवण्याचं साधन होऊ शकतं. जनावरांच्या सांसर्गिक रोगांच्या २००९ च्या कायद्याने ब्रुसेलोसिसची खबर देणं मालकाचं कर्तव्य ठरवलं आहे. पण खबर दिली की गाईची किंमत शून्य, दूध संघाकडे बोभाटा आणि हाती काही नाही, अशा व्यवहारात कर्तव्य कोण पाळणार? शेतकऱ्याला अज्ञानी म्हणणं सोपं आहे. तो अगदी बरोबर हिशेब करतो.

म्हणून संशोधनाच्या प्रस्तावातच मालकाचा खर्च धरायला हवा. पॉझिटिव्ह गाय विकायची नाही, विण्याच्या वेळी वेगळ्या कोपऱ्यात बांधायची, तिचं दूध तापवूनच बाहेर काढायचं. आणि त्या बदल्यात वर्षभराच्या तुटीचा ठरलेला भाग त्याला मिळेल, गोठ्यातल्या कालवडींना लस फुकट, कोपरापर्यंतचे हातमोजे फुकट, आणि घरातल्या ताप असलेल्या माणसाची तपासणी आणि सहा आठवड्यांचं औषध फुकट. शेवटचं कलम सगळ्यात स्वस्त आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त काम करेल. गाईसाठी दार न उघडणारा माणूस बायकोच्या कंबरदुखीसाठी उघडतो. गोशाळांना यातून वगळू नये. येणाऱ्या प्रत्येक गाईचं रक्त आणि तीन आठवडे वेगळा खुंटा, एवढा नियम तिथे आधी लागावा.

निरोप दोन्ही दिशांनी जायला हवा. गाय गाभडल्याची वर्दी पशुवैद्याकडे आली की त्या घरातल्या वार काढणाऱ्याचं रक्त आठवडाभरात आणि पुन्हा महिन्याने. माणूस पॉझिटिव्ह निघाला की त्याच्या गोठ्यातलं प्रत्येक जनावर. मोठ्या कळपात दहा टक्के लागण असेल तर ती ९५ टक्के खात्रीने पकडायला २९ जनावरं तपासावी लागतात. पाच जनावरांच्या गोठ्यात असला हिशेब करत बसू नये, पाचही तपासावी. दर सकाळी गल्लीगल्लीतून सहा प्रकारचा कचरा वेगळा उचलणाऱ्या शहराला थंड डब्याची एक गाडी महू ते इंदूर आठवड्यातून दोनदा धावती ठेवणं जड नाही.

त्याआधी, उद्यापासून, तापाच्या ओपीडीत तीन प्रश्न वाढवता येतील, त्याला कुणाची मंजुरी लागत नाही. घरी जनावरं आहेत का? गेल्या सहा महिन्यांत एखादं गाभडलं का? वार कुणी काढली? उत्तर ‘मीच’ असं आलं तर ‘गृहिणी’च्या पुढे गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर लिहायचा. तो बाईला पाठ नसतो. घरी फोन लावून, कुणाला तरी गोठ्यात पाठवून वाचून घ्यावा लागतो, आणि तो दोनदा वाचायला सांगावा.